ओळख मागाहून पटते : बायबलमधल्या अनपेक्षित देवभेटी कशा वाचाव्यात

बायबल पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते. उत्पत्तीपासून जोरात सुरुवात होते, निर्गमाचा पहिला अर्धा भागही ओघात वाचून होतो. मग निवासमंडपाची, म्हणजे देवासाठी उभारायच्या तंबूची, मापं येतात, पुढे लेवीयात यज्ञांचे नियम येतात, आणि पुस्तक कपाटात जातं. दोष वाचणाऱ्याचा नसतो. बायबल हे एक पुस्तक नसून ग्रंथांचं कपाट आहे, आणि कपाट कोणी डावीकडून उजवीकडे वाचत नाही.

या लेखात एक वेगळी वाट दिली आहे. देव अनपेक्षितपणे भेटला असे आठ प्रसंग, आठ आठवडे, दर आठवड्याला एक. या प्रसंगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. भेट झाली तेव्हा माणूस बहुधा भलत्याच कामात होता. याकोब रात्र काढायला जागा शोधत होता, मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता, शोमरोनी बाई घागर घेऊन विहिरीवर आली होती. आणि बऱ्याचदा भेट चालू असताना ओळख पटत नाही, ती मागाहून पटते. म्हणून इथे दोनच सवयी लावून घ्यायच्या आहेत : सकाळी थोडं वाचायचं आणि रात्री दिवसाकडे मागे वळून बघायचं. दुसरी सवय सोडून नुसती पहिली धरली तर बायबलची माहिती वाढते, पण भेटीची ओळख पटायची राहून जाते.

काय काय लागतं

एक मराठी बायबल. प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तकं असतात, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक आवृत्तीत ७३ असतात. आपले आठही उतारे दोन्हींत आहेत, तेव्हा घरात असेल ते घ्या. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत चालतं. त्याची भाषा जुन्या वळणाची आहे, पण मोठ्याने वाचली की तिचा ठेका लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या बोलीच्या जवळचं आहे. पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून पूर्ण बाहेर आलं. साध्या बायाबापड्यांना कळावं ही त्यामागची तळमळ होती. एक उतारा दोन भाषांतरांत शेजारी ठेवून वाचता आला तर फार उपयोग होतो. शब्द जिथे वेगळे पडतात, तिथे आपण आपोआप थांबतो.

फोनवरही बायबल वाचता येतं. पण फोनवर वाचणार असाल तर इंटरनेट बंद करा. वचनाच्या मधोमध वरून घसरत आलेला संदेश त्या दिवसाचं वाचन संपवतो.

एक शंभर पानी आखीव वही. डाव्या पानावर सकाळचं वाचन, उजव्या पानावर रात्रीची उजळणी. दोन्ही पानांवर बाहेरच्या बाजूने तीन बोटं रुंद समास सोडा आणि त्यात आत्ता काहीही लिहू नका. त्याचं काम शेवटच्या आठवड्यात आहे.

वेळ : सकाळी २५ मिनिटं, रात्री १० मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. सहाव्या दिवशी कोणाबरोबर तरी बोलणं आणि रविवारी उपासना. सकाळ जमत नसेल तर दुपारची सुटी चालेल. वेळ रोज बदलत राहिली तर मात्र दुसऱ्या आठवड्यातच सवय मोडते.

आठ उतारे

या क्रमाने घ्या : लूक २४:१३–३५, उत्पत्ती २८:१०–२२, उत्पत्ती १६, निर्गम ३:१–१२, १ शमुवेल ३, १ राजे १९:१–१८, योहान ४:५–३०, मत्तय २५:३१–४६.

नवीन माणूस हे संदर्भ बघून गोंधळतो. आधीचा आकडा अध्यायाचा, पुढचा वचनांचा. मूळ हस्तलिखितांत हे आकडे नव्हते. अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टनने पाडले असं मानतात आणि नव्या कराराची आजची वचनसंख्या १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने छापली. आकडे जागा सापडायला आहेत, श्वास घ्यायला नाहीत. वचन संपलं म्हणून वाक्य संपतंच असं नाही. परिच्छेदावरची ठळक मथळ्याची ओळही छापणाऱ्यांनी घातलेली असते. ती शेवटी वाचा, नाहीतर ती आधीच अर्थ सांगून मोकळी होते.

पहिला आठवडा : अम्माऊसची वाट

हा उतारा पहिला घेण्याचं कारण असं की पुढच्या सातही उताऱ्यांत काय शोधायचं ते यात सगळं आहे. येशूला क्रूसावर देऊन तिसरा दिवस आहे. दोघे शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावी पायी निघाले आहेत. लूक अंतर साठ स्टेडिया सांगतो, म्हणजे अकराएक किलोमीटर. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव दिलेलंच नाही. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालू लागतो. तो येशू आहे हे लूक वाचकाला लगेच सांगून टाकतो, पण त्या दोघांना ते कळत नाही. आपल्याला माहीत आणि त्यांना नाही, या फरकावर सगळा प्रसंग उभा आहे.

पहिलं वाचन मोठ्याने करा. तेवीस वचनं आहेत, सावकाश वाचली तर चारपाच मिनिटं लागतात. घरात लोक झोपलेले असतील तर ओठ हलवून वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की ओळखीचे शब्द गाळले जातात. ज्यांच्या घरी हा प्रसंग लहानपणापासून ऐकला जातो त्यांनी तर मोठ्यानेच वाचावं.

दुसऱ्या वाचनात फक्त हातापायांकडे बघा. कोण चालतं, कोण थांबतं, कोण बसतं, हातात काय आहे, ते डाव्या पानावर क्रियापदांत उतरवा. चालत होते. बोलत होते. प्रश्न ऐकून खिन्न होऊन थांबले. गाव जवळ आलं तेव्हा पाहुण्याने पुढे जाण्याचा रोख दाखवला. यांनी आग्रह केला. जेवायला बसले. त्याने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, त्यांना दिली. डोळे उघडले. तो दिसेनासा झाला. हे उठले. परत निघाले.

एवढी यादी झाली की दोनतीन गोष्टी आपसूक वर येतात. एक, घर यांचं किंवा निदान आमंत्रण यांचं, पण भाकर मोडतो पाहुणा. घेणं, आशीर्वाद देणं, मोडणं, देणं, ही चारही क्रियापदं लूकने येशू पाच हजारांना जेवू घालतो त्या प्रसंगात (९:१६) वापरली आहेत, आणि शेवटच्या भोजनातही (२२:१९) हेच हात हेच करतात. दोन, पाहुण्याला थांबवताना यांनी कारण दिलं होतं की दिवस कलला, आता रात्र होईल. आणि ओळख पटल्यावर हेच दोघे त्याच घटकेला उठून, त्याच अंधारात, तीच अकरा किलोमीटरची वाट उलटी चालू लागले. तीन, त्याने बळजबरीने घरात पाऊल टाकलं नाही. या म्हटल्यावर आला.

तिसऱ्या वाचनात एका वाक्यापाशी थांबा. मन जिथे अडकेल ते वाक्य तुमचं, इतरांनी सांगितलेलं नव्हे. पुष्कळांचं मन ‘आम्हाला आशा होती’ या शब्दांपाशी अडकतं (२१). ‘आशा आहे’ असं ते दोघे म्हणत नाहीत. ते वाक्य तीन वेळा हळू म्हणा आणि तुमच्या आयुष्यात ‘आशा होती’ असं म्हणण्यासारखं काय आहे, ते एका ओळीत वहीत लिहा. लांबण लावू नका.

चौथ्या खेपेला वाचू नका. पुस्तक उघडं ठेवून दहा मिनिटं गप्प बसा. वाटेवर त्या दोघांच्या मागे चारपाच पावलांवर तुम्ही चालत आहात असं समजा. पंढरीच्या वारीला पायी गेलेल्यांना ठाऊक असतं की चालता चालता माणसं जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत. तसंच इथे आहे. तो अनोळखी माणूस तुमच्याकडे वळून विचारतो, ‘चालता चालता कशाविषयी बोलताय?’ उत्तर द्या. क्लयपाने दिलं तसं, तक्रारीच्या सुरातही चालेल. प्रार्थना म्हणजे हेच. तिला वेगळी भाषा लागत नाही.

वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशा चार पायऱ्या बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या कार्थुसियन साधूने लिहून ठेवल्या आणि मठांमधून त्या आजपर्यंत चालत आल्या. वरची रीत त्याच घराण्यातली आहे. चारही पायऱ्या पहिल्याच दिवशी साधतील असं नाही. सोमवारी फक्त पहिली दोन वाचनं करा, मंगळवारपासून चारही.

आठवड्याच्या शेवटी डाव्या पानावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. हेच प्रश्न आठही उताऱ्यांना लावायचे आहेत. माणूस कोणत्या कामात होता? देव कशाच्या आडून आला? माणसाला तेव्हा काय ओळखता आलं नाही? ओळख कशाने पटली? त्यानंतर तो कुठे गेला? शेवटचा प्रश्न गाळू नका. बायबलमध्ये देवभेट झाल्यावर माणूस बहुधा तिथेच बसून राहत नाही, त्याला कुठेतरी पाठवलेलं असतं.

रात्रीची उजळणी

१५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला या सैनिकाच्या पायाला तोफगोळा लागला. लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडून असताना त्याला शूर सरदारांच्या कथा हव्या होत्या, पण घरात सापडली ती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. दिवसभर तो कधी दरबारी पराक्रमांची स्वप्नं बघे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं रंगवताना मजा वाटे. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडे आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. हा फरक त्याच्या लक्षात आला तो मागाहून. पुढे त्याने घालून दिलेली दिवसाची उजळणी याच पारखीवर उभी आहे.

दिवा मंद करा, वहीचं उजवं पान उघडा. आधी दिवसाबद्दल आभार माना, मोघम नको, एका वस्तूचं किंवा माणसाचं नाव घेऊन. मग प्रकाश मागा : ‘प्रभू, तुझ्या नजरेने बघू दे.’ मग सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. जिथे मन उजळलं आणि जिथे आक्रसलं त्या जागा टिपा. चुकलं असेल तिथे क्षमा मागा, आणि उद्याच्या एका कामासाठी बळ मागा. याला दहा मिनिटं पुरतात. वीस लागू लागली तर समजा की उजळणीचा हिशोब झाला आहे.

लिहायचं ते घटनेपुरतं. समजा रिक्षाचं भाडं द्यायला सुटे नव्हते आणि रिक्षावाले काका ‘राहू द्या, पुन्हा भेटलात की द्या’ म्हणून निघून गेले. वहीत तेवढंच लिहा : ‘सुटे नव्हते. राहू द्या म्हणाले. घाईत नीट आभारही मानले नाहीत.’ त्यापुढे ‘देव रिक्षावाल्याच्या रूपाने आला’ असं जोडू नका. ते खरं असेलही. पण त्याच रात्री शिक्का मारला की आपण बघायचं थांबवतो आणि दुसऱ्या दिवसापासून शिक्के मारायलाच बसतो.

पुढच्या उताऱ्यांत कुठे पाय घसरतो

याकोबाचा प्रसंग सोज्ज्वळ करून वाचू नका. तो भक्त म्हणून तीर्थाला निघालेला नाही. आंधळ्या बापाला फसवून, भावाच्या वाट्याचा आशीर्वाद लाटून तो पळतो आहे. सूर्य मावळला म्हणून थांबला, दगड उशाला घेतला. शिडीचं स्वप्न पडलं, आणि जाग आल्यावर म्हणाला, परमेश्वर इथे होता आणि मला ठाऊक नव्हतं. लूज नावाचं साधं गाव त्या दिवसापासून बेथेल, म्हणजे देवाचं घर, झालं. शेवटी तो देवाशी चक्क सौदा करतो : खायला अन्न आणि नेसायला वस्त्र देशील तर तू माझा देव. मजकूर त्याला त्याबद्दल रागावत नाही. तुमची प्रार्थना सौद्याचीच असेल तर ती तशीच लिहा.

हागारेचा अध्याय सगळ्यांत जपून वाचायचा. ती मिसरी दासी आहे, गरोदर आहे, मालकिणीच्या जाचाने रानात पळाली आहे. झऱ्यापाशी देवदूत तिला नाव घेऊन हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे निघालीस? तिचे मालक अब्राम आणि साराय तिला नावाने हाक मारताना कुठेच दिसत नाहीत. ती त्या देवाला ‘मला पाहणारा देव’ असं नाव देते. बायबलमध्ये देवाला नाव ठेवणारी ही पहिली व्यक्ती, आणि ती परकी दासी आहे. पण दूत तिला परत जायला सांगतो, आणि ते वाक्य घशाखाली उतरत नाही. उतरवायची घाई करू नका. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला परत पाठवायला हा उतारा कोणी वापरत असेल तर ते चूक आहे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. याच्या जोडीला उत्पत्ती २१ वाचा. तिथे ती पुन्हा रानात आहे, मसकातलं पाणी संपलं आहे, आणि या वेळी देव तिला परत जा म्हणत नाही. तो तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते.

मोशेच्या उताऱ्यात तिसऱ्या आणि चौथ्या वचनाचा क्रम बघा. झुडूप जळतंय पण भस्म होत नाही, म्हणून तो म्हणतो, वाट सोडून जरा बघतो. तो बघायला वळला हे परमेश्वराने पाहिलं, *तेव्हा* हाक आली. हा एवढा ‘तेव्हा’ पाच दिवस पुरतो.

पोरगा शमुवेल तर मंदिरातच झोपलेला आहे, तरी त्याला देवाचा आवाज तिथल्या याजकाचा, एलीचा वाटतो. तीनदा धावत जातो. कोणाचा आवाज आहे हे तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्या एलीच्या लक्षात येतं, आणि त्याची नजर मंदावलेली आहे हे लेखकाने मुद्दाम आधी सांगितलं आहे. नव्या माणसाला जुन्या माणसाची गरज कशी लागते ते इथे बघा. आणि मिळालेला संदेश एलीच्याच घराविरुद्ध होता, हेही विसरू नका.

एलीया संदेष्ट्याचा उतारा लोक अकराव्या वचनापासून वाचायला घेतात, वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो अगदी हळू स्वर. पहिली आठ वचनं गाळणं ही मोठी चूक आहे. तिथे एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो आणि ऊठ, खा, म्हणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा तेच. होरेब डोंगर, जिथे तो हळू स्वर ऐकू येतो, त्यानंतर येतो. तुम्ही थकलेले, जागरणाने पिचलेले असाल तर त्या आठवड्यात वाचनाची पंधरा मिनिटं कमी करून झोपेला द्या. मरणाचे विचार येत असतील किंवा कित्येक रात्री झोपच नसेल तर डॉक्टरांकडे जा. ते अविश्वासाचं लक्षण नाही. भाकर आणि पाणीही देवदूतानेच आणलं होतं.

शोमरोनी बाईच्या प्रसंगात तिला बदनाम ठरवायची घाई होते. पाच नवरे का झाले ते योहान सांगत नाही. ते वारले की त्यांनी टाकलं, माहीत नाही. आहे ते एवढं : भर दुपार, थकून विहिरीवर बसलेला येशू, आणि पाणी तोच मागतो. यहुदी पुरुष, आणि यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांतल्या बाईकडे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा फुलममध्ये टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचं काम त्यांनी पाहिलं, त्यामागचं कारण विचारलं, आणि उत्तरादाखल त्यांना योहानाचा हा चौथा अध्याय दाखवला गेला. पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं त्याच्या मुळाशी ही विहीर आहे. तिने घागर तिथेच टाकली, ते अठ्ठाविसावं वचन सोडू नका. पाण्यासाठी आलेली बाई पाणी न घेता गावात धावत गेली.

मत्तय २५ शेवटी ठेवला आहे, कारण तो आधी वाचला तर यादी वाटतो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. न्याय करणारा राजा लोकांना उजवीकडे आणि डावीकडे वेगळं करतो. ‘तुम्ही माझ्यासाठी केलंत’ असं तो म्हणतो तेव्हा उजवीकडचे विचारतात, ‘तुला कधी पाहिलं?’ डावीकडचेही अगदी हेच विचारतात. ओळख दोघांनाही नव्हती. ज्यांनी जेवू घातलं त्यांनी ख्रिस्त दिसला म्हणून घातलं नव्हतं, भूक दिसली म्हणून घातलं होतं. म्हणून या आठवड्यात सरकारी रुग्णालयात एखाद्या एकट्या रुग्णाजवळ तासभर बसायला जाल, तेव्हा त्याच्या चेहऱ्यात ख्रिस्त शोधू नका. त्याला पाणी हवं आहे का ते बघा. फोटो काढू नका. आणि एकच काम निवडा, सहा नव्हे.

पारख कशी करायची

‘हे देवाकडून की माझ्याच मनातून?’ हा प्रश्न चौथ्यापाचव्या आठवड्यात हमखास येतो. काही कसोट्या जुन्या आणि भरवशाच्या आहेत. आलेला विचार येशूच्या शिकवणीशी जुळतो का? तो घाई करतो का? भीती घालून, आत्ताच्या आत्ता कर म्हणून रेटणारा आवाज बहुधा आपल्या चिंतेचाच असतो. त्याची फळं काय? पौलाने गलतीकरांस पत्रात नऊ सांगितली आहेत : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मोठा निर्णय असेल तर आठवडाभर थांबा आणि एखाद्या मुरलेल्या विश्वासणाऱ्याशी, पाळकांशी किंवा फादरांशी बोला. मन खचलेलं असताना आधीचा ठाम निर्णय बदलू नये, असा इग्नेशियसचा सल्ला आहे आणि तो अनुभवाने खरा ठरतो.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे आजचा संदेश, हा प्रकार टाळा. वचन मागचापुढचा धागा तोडून घेतलं की त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं. लोकर ओली की कोरडी असं बघून देवाला अटी घालणाऱ्या गिदोनाचा दाखला (शास्ते ६) लोक देतात. पण देवाचं म्हणणं त्याला त्याआधीच कळलं होतं. लोकर त्याच्या शंकेसाठी होती. आणि ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितलं आहे’ म्हणून कोणी पैसा, सोयरीक किंवा औषध बंद करण्याची मागणी घेऊन आला, तर नम्रपणे उठून या.

सगळ्यांत जास्त होणारी चूक मात्र साधी आहे : काहीतरी *वाटलं पाहिजे* हा हट्ट. अंगावर शहारा येत नाही म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. अम्माऊसच्या वाटेवर दोघांची अंतःकरणं आतून पेटली होती, पण तेही ‘पेटली नव्हती का?’ असं नंतर एकमेकांना विचारतात. चालताना त्यांना फक्त एक माणूस बोलतोय एवढंच कळत होतं.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी शब्द पाळायचा म्हणून, शिस्तीने, पेन्सिलीने खुणा करत पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. आगगाडी आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये पेन्सिलीच्या खुणांचे महिनेच्या महिने आहेत.

एकट्याने नको

सहाव्या दिवशी चार ते आठ जणांनी जमावं, तासभर पुरतो. उतारा दोघांनी दोन भाषांतरांतून मोठ्याने वाचावा, दोन मिनिटं शांतता, मग प्रत्येकाने आपलं अडलेलं वाक्य आणि त्यावर दोनतीन वाक्यं. कोणी कोणाला दुरुस्त करायचं नाही, कोणी उपदेश द्यायचा नाही. जो बोलला नाही त्याला टोचायचं नाही. चहा शेवटी ठेवा. आधी ठेवला तर वाचन चहातच जातं.

रविवारी उपासनेला जा. ख्रिस्ती नसाल तरी मागच्या बाकावर बसायला बहुतेक मंडळ्यांत कोणी हरकत घेत नाही. दारात ‘मी नवीन आहे’ एवढं सांगा. कॅथलिक मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वेळ येते तेव्हा जे कॅथलिक नाहीत त्यांनी जागेवरच बसून राहावं, यात अवघड वाटण्यासारखं काही नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे नियम वेगवेगळे असतात, आधी पाळकांना विचारा. तिथे भाकर मोडतात तेव्हा नजर हातांकडे असू द्या. पहिल्या आठवड्यात लिहिलेली चार क्रियापदं तिथे ओळीने दिसतील.

आठवा आठवडा संपल्यावर

नवा उतारा घेऊ नका. पूर्ण एक तास मोकळा काढा आणि वही पहिल्या पानापासून वाचा, फक्त उजवी पानं, एकदाही न थांबता. मग पेन्सिल घेऊन पुन्हा सुरुवातीपासून या. जिथे आता काही वेगळं दिसतं, तिथे रिकाम्या ठेवलेल्या समासात एक बारीक खूण करा. ज्या माणसाचे आभार मानायचे राहिले, त्याच्या ओळीपुढेही खूण करा आणि रिक्षास्टँडवर ते काका दिसतात का बघा, सुटे घेऊन.